व्याह्यांना काढलं म्हणे!

"कळलं का तुला? कोपऱ्यावरच्या मावशींनी व्याह्यांना काढलं."

"काढलं? कुठून काढलं?"

"फेसबुकवरून गं! आणखी कुठून काढणार? घरी ते येतातच कुठे!"

आमच्या आणि वहिनींच्या अंगणामध्ये तारेचं कुंपण आहे. त्यावर कृष्णकमळाचा वेल चढलाय आणि वेलात बरोबर खांद्याच्या उंचीवर एक खिंडार आहे. ते आपोआप पडलेलं नाही. विरजण, कढीपत्ता, लग्नपत्रिका आणि साताऱ्यातल्या आमच्या या कॉलनीची सगळी खबरबात त्यातून ये-जा करते. सकाळचं नळाचं पाणी भरून झालं की वहिनी तिथे उभ्या राहतात, आणि मग माझंही काहीतरी काम नेमकं तिथेच निघतं.

"आधीपासून सांगा," मी म्हटलं. असल्या बातमीत मधूनच उडी मारली की मजा जाते.

मावशींची लेक इचलकरंजीला दिलेली. व्याही निवृत्त, दिवसभर हातात फोन. विधानसभेच्या निवडणुकीत त्यांच्या अंगात आलं. रोज सकाळ-संध्याकाळ पोस्टी, आणि त्याही नेमक्या मावशींच्या माहेरचा ज्या पक्षाशी घरोबा त्याच पक्षावर. मावशी बरेच दिवस गप्प बसल्या. मग एकदा न राहवून खाली एक ओळ लिहिली. व्याह्यांनी त्यावर निबंध लिहिला. त्या निबंधाखाली त्यांच्या भावकीतले चौघे येऊन हसऱ्या तोंडाची चित्रं डकवून गेले. झालं! मावशींनी त्याच रात्री, ताट तसंच ठेवून, व्याह्यांना ब्लॉक केलं.

"आणि हे कुणाला कळलं नाही," वहिनी म्हणाल्या. "आता गंमत ऐक. लेकीचं डोहाळजेवण झालं सासरी. मावशींना गुडघ्यामुळे जाता आलं नाही. फोटो टाकले व्याह्यांनी, झोपाळा, चंद्र, धनुष्यबाण, सगळं."

"धनुष्यबाणाचा फोटो आजकाल जपून टाकावा."

"ते सोड. कौतुकानं मावशींना टॅग करायला गेले, तर मावशी सापडेचनात. नाव घालून शोधलं, तरी नाही. सुनेला विचारलं, 'तुझ्या आईनं फेसबुक बंद केलं का गं?' ती पोर भोळी. तिनं आपला फोन उघडून दाखवला. 'नाही हो बाबा, ही काय आई. आज सकाळीच वांग्याच्या भरताचा फोटो टाकलाय.'"

"अगंबाई!"

"भरतानं घात केला बघ."

पुढचं तर त्याहून वाईट. मावशींनी घाईघाईनं ब्लॉक काढला. त्यांना वाटलं, आता सगळं पूर्ववत. पण तसं होत नाही. ब्लॉक केलं की मैत्रीही तिथल्या तिथे तुटते, आणि ब्लॉक काढल्यावर माणूस दिसायला लागतो, मैत्री परत येत नाही. त्यासाठी पुन्हा रिक्वेस्ट पाठवावी लागते. आणि मध्येच पुन्हा राग अनावर झाला तर लगेच ब्लॉकही करता येत नाही, ४८ तास थांबावं लागतं.

"म्हणजे बघ," वहिनींनी डोळे मोठे केले, "मुलीच्या आईनं व्याह्यांना रिक्वेस्ट पाठवायची! आणि त्यांनी ती ठेवलीय तशीच. घेत नाहीत, नाकारत नाहीत. रुसून बसलेत."

माझं मत विचाराल तर मावशींचं रागावणं वाजवीच होतं, पण माशी मारायला त्यांनी कोयता उचलला. फेसबुकवर माणसाला लांब ठेवायच्या कितीतरी सौम्य तऱ्हा आहेत, पण त्या कुणाला माहीतच नसतात. आपल्याला दोनच माहीत: डोक्यावर बसवून घ्यायचं, नाहीतर ब्लॉक.

"मग काय करायला हवं होतं?"

"व्याह्यांच्या पानावर जायचं. तिथे 'फ्रेंड्स' लिहिलेलं बटण असतं ना, ते दाबलं की खाली यादी उघडते. त्यात अनफॉलो आहे. ते केलं की मैत्री तशीच राहते, फक्त त्यांचं लिखाण आपल्यासमोर येत नाही. त्यांना यातलं काही कळत नाही. कुणी त्यांच्या पानावर गेलं तरी आपलं नाव मित्रांत दिसतं."

"आणि डोहाळजेवणाचे फोटो?"

"मुद्दाम त्यांच्या पानावर जाऊन बघायचे, लाइक करायचं, यायचं. शिवाय स्नूझ म्हणून एक असतं. ३० दिवस माणूस गप्प. महिना झाला की आपोआप परत सुरू."

"तीस दिवस!" वहिनींनी हिशेब केला. "प्रचार संपतो की गं तेवढ्यात."

"तेच तर. आणि याच्या उलट हवं असेल, म्हणजे त्यांचं आपल्याला दिसलं तर चालेल पण आपलं त्यांना दिसायला नको, तर 'रिस्ट्रिक्टेड' नावाची यादी आहे. तिच्यात ज्याला टाकलं त्याला आपण सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं तेवढंच दिसतं. त्याला वाटतं, ही बाई हल्ली काही टाकतच नाही."

वहिनी जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. वहिनी गप्प बसल्या म्हणजे त्यांच्या डोक्यात एखाद्या नातेवाइकाचं नाव घोळतंय, हे मला आता कळतं. मग त्यांनी कंबरेचा फोन काढला, पदरानं पुसला आणि खिंडारातून माझ्या हातात दिला.

"माझी यादी बघ जरा. खूप झालीय गर्दी."

ऊन थेट काचेवर येत होतं. वहिनींनी पलीकडून पदर धरला, त्या सावलीत मी यादी उघडली. वर नावं, बाजूला वाटोळ्या चौकटीत चेहरे. चेहरे कमीच. गुलाबाची फुलं, शिवाजी महाराज, उगवता सूर्य, एक ट्रॅक्टर, एक गाय, आणि गणपती तर किती! एकाखाली एक पाच-सहा गणपती लागले.

"हे कोण हो?"

"काय माहीत."

"आणि हे?"

"ते पण माहीत नाही."

"मग घेतलंत कशाला?"

"गणपतीचा फोटो होता गं. गणपतीला नाही कसं म्हणायचं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. पण यादी खाली जात राहिली तसं माझ्या एक लक्षात यायला लागलं. वहिनींनी आजवर काढलेली माणसं कोण, ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण प्रत्येकाची कथा या कुंपणावरच झालेली. शाळेतली मैत्रीण काढली, कारण तिनं बारशाला बोलावलं नाही. भाचेसून काढली, कारण तिनं घरच्या जेवणाला नावं ठेवली. वर्गाच्या ग्रुपमधला एकजण राजकारणावरून काढला. सगळी हाडामासाची, ओळखीची माणसं. आणि हा ट्रॅक्टर, ही गाय, हे सगळे गणपती मात्र वर्षानुवर्षं सुखानं नांदतायत! ज्याच्याशी बोलणं आहे त्याचाच राग येतो. ट्रॅक्टरचा राग यायचा कुठून?

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या क्रिस्टोफर सिबोना नावाच्या संशोधकाने २०१४ मध्ये याच गोष्टीचा अभ्यास मांडला होता. लोक फेसबुकवरून सगळ्यात जास्त कुणाला काढतात? तर शाळेतल्या ओळखीच्यांना. आणि कशावरून? राजकारण आणि धर्म यावरची टोकाची मतं. मी हे वहिनींना सांगितलं.

"म्हणजे तिकडेही मावशी आहेतच की," त्या म्हणाल्या.

"आहेत. पण खरी भीती त्या ओळखीच्यांची नसते वहिनी, या गणपतीवाल्यांची असते."

हे वहिनींना पटवायला वेळ लागला नाही, कारण मागच्या पावसाळ्यात त्यांच्या यजमानांच्याच बाबतीत ते घडलं होतं. भाऊंच्याच नावाचं, भाऊंच्याच फोटोचं दुसरं खातं कुणीतरी उघडलं. भाऊंची मित्रांची यादी सगळ्यांना दिसत होती, त्यामुळे त्या चोराला फार कष्ट पडले नाहीत. यादीतल्या एकेकाला रिक्वेस्ट गेली. लोकांना वाटलं, भाऊंचं जुनं खातं बिघडलं असेल, घेतली. मग प्रत्येकाला मेसेंजरवर निरोप: माझे एक मित्र सुरक्षा दलात अधिकारी आहेत, त्यांची अचानक बदली झालीय, घरातलं सगळं फर्निचर अगदी स्वस्तात देतायत, तुमचा नंबर त्यांना देऊ का?

"तो सोफा, तो फ्रिज, काय एकेक फोटो!" वहिनी म्हणाल्या. "मला स्वतःला आला होता निरोप. नवऱ्याच्या नावानं. मी आतल्या खोलीत जाऊन ह्यांना विचारलं, कुठला हो हा तुमचा अधिकारी मित्र, मला कधी सांगितला नाहीत? हे झोपलेले!"

फसलं कुणी नाही, असं भाऊ सगळ्यांना सांगतात. वहिनी मात्र सांगतात की भाऊंच्या मामेभावानं वाहतूक खर्च म्हणून पैसे पाठवले होते आणि लाजेनं बोलला नाही. तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे, तो लगेच फिरवला तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते. पण तो नंबर फिरवायचा म्हणजे आपण सोफ्याला भुललो हे कबूल करायचं. मामेभाऊ अजून त्याला तयार नाही.

"त्या वेळी तू ह्यांची यादी लपवून दिलीस."

"हो, 'ओन्ली मी' केलं. म्हणजे भाऊंची पूर्ण यादी फक्त भाऊंनाच दिसते. तुमचीही करू?"

वहिनी घुटमळल्या. यादी लपवली तर लोकांना आपल्या ओळखीपाळखी कळणार कशा, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. शेवटी म्हणाल्या, "कर. पण मला तरी दिसेल ना?"

त्यांना दिसेल याची खात्री दिल्यावर ते काम झालं. प्रोफाइलला कुलूप आधीच लावलेलं होतं. भारतात ती सोय २०२० च्या मे महिन्यात आली. लॉकडाऊनचे दिवस, घरात बसून कंटाळा आलेला, तेव्हा वहिनींच्या भाच्यानं ते करून दिलं होतं. पण दाराला कुलूप लावून काय उपयोग, गाय आणि ट्रॅक्टर आधीच आत घेतलेले! कुलूप बाहेरच्यांसाठी असतं. मित्र म्हणून ज्याला घेतलं त्याला आतलं सगळं दिसतं: नातवाच्या शाळेचा गणवेश, आपण गावाला गेल्याचे फोटो, घराला लागलेलं नवं ग्रिल.

"काढ मग एकेक," वहिनी म्हणाल्या. "पण त्यांना निरोप जात नाही ना?"

"नाही जात. अनफ्रेंड केल्याचं फेसबुक कुणाला सांगत नाही. त्यानं स्वतःहून आपल्या पानावर येऊन बघितलं, तरच कळतं."

"ट्रॅक्टर कशाला येतोय बघायला!"

यावरून एक जुनी गोष्ट आठवली, ती वहिनींना सांगितल्यावर त्यांनी हसून पदर सोडला आणि फोनवर ऊन आलं. २००९ च्या जानेवारीत अमेरिकेत बर्गर किंगनं जाहिरात केली होती: फेसबुकवरचे दहा मित्र काढा, एक बर्गर फुकट. थोड्याच दिवसांत सव्वादोन लाखांहून जास्त मित्र निघाले! आणि काढलेल्या माणसाला चक्क कळवलं जायचं की बर्गरसाठी तुमचा बळी दिला. मित्राला काढल्याचं त्याला कळवणं फेसबुकच्या रीतीत बसत नव्हतं, म्हणून त्यांनी हरकत घेतली आणि ते सगळं गुंडाळावं लागलं.

"एका बर्गरला दहा! म्हणजे एक माणूस बर्गरच्या एका घासाला," वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडे वडापावला किती निघतील?"

"मावशी नुसत्या चटणीला काढतील."

दोघी हसतोय तोवर समोरच्या रस्त्यानं सर गेले. कॉलनीत सर म्हणजे एकच, निवृत्त मुख्याध्यापक, कविता करतात. वहिनींनी आवाज खाली आणला.

"ह्यांची हजेरी वाचलीस का?"

न वाचून कसं चालेल! सरांचे पाच हजार मित्र पूर्ण झाले. फेसबुक ५,००० च्या वर मित्र घेऊ देत नाही. सरांकडे नव्या रिक्वेस्टी तुंबल्या. मग त्यांनी एक निवेदन काढलं: माझ्या यादीत अनेक निष्क्रिय मित्र आहेत, ते लिहीत नाहीत, प्रतिसाद देत नाहीत. लवकरच यादीची साफसफाई करणार आहे. ज्यांना राहायचं आहे त्यांनी इथे आपली उपस्थिती नोंदवावी.

आणि लोकांनी नोंदवली! 'हजर सर.' 'उपस्थित.' 'सर, रोज वाचतो, लाइक करायचं राहून जातं, क्षमस्व.' 'सर, मला कृपया ठेवा.' एक जण तर 'रजेवर होतो सर' असं लिहून गेला. शेवटी कुणीतरी तिरकस माणूस लिहून गेला, 'तुम्ही कशाला कष्ट घेता सर, मीच निघतो.' त्याला मात्र सरांनी काढलं नाही. तो निघालाही नाही.

"मी पण लिहिलं होतं हजर," वहिनींनी कबूल केलं. "पन्नास वर्षांची सवय गं. सरांनी हजेरी घेतली की तोंडातून येतंच."

हा प्रकार मराठी फेसबुकवर दर थोड्या दिवसांनी कुठे ना कुठे चालू असतो आणि मला त्यातली गोम कधी कळली नाही. जो खरोखर बघत नाही, त्याला हजेरी घेतल्याचं तरी कसं कळणार? 'हजर' लिहिणारे सगळे तेच, जे एरवीही हजर असतात. आणि आपण टाकलेलं प्रत्येकाच्या समोर जातं असंही नाही. फेसबुक ज्याला दाखवेल त्याला दिसतं. म्हणजे मुलगा वर्गाबाहेर उभा, सरांनी आतून विचारायचं, "कोण कोण गैरहजर?" शिवाय सरांना माणसं काढायची गरजच नव्हती. मित्र पाच हजार, पण फॉलो करणाऱ्यांना तशी मर्यादा नाही. खातं त्यासाठी खुलं केलं की मैत्री न करताही हवे तितके लोक कविता वाचू शकतात. पण सरांना वाचक नको असतील, उपस्थिती हवी असेल, तर त्याला इलाज नाही.

"पाच हजार माणसं ओळखता तरी येतात का कुणाला?" वहिनी म्हणाल्या.

"रॉबिन डनबर म्हणून एक इंग्रज शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी १९९० च्या दशकात मांडलं की माणसाला खरीखुरी ओळख ठेवता येते ती साधारण दीडशे जणांशी. त्यापुढे डोकं पुरत नाही."

"दीडशे?" वहिनींना हे अपमानास्पद वाटलं. "दीडशे आमची नुसती भावकी आहे. धाकट्याच्या मुंजीत तीनशे पान उठलं, आणि त्यातल्या प्रत्येकाचं मूळ गाव सांगते मी तुला. त्या डनबरला म्हणावं एकदा साताऱ्याला ये."

मी यादी पुढे सरकवली. गाय गेली, ट्रॅक्टर गेला, उगवता सूर्य मावळला. गणपतींपैकी एक वहिनींच्या आत्तेबहिणीचा दीर निघाला, तो राहिला. एकेक नाव घेऊन बसायचं म्हणजे वेळ जातो. सगळी यादी एका फटक्यात साफ करून देतो म्हणणारी काही अ‍ॅप असतात, पण ती पासवर्ड मागतात. त्यांना पासवर्ड देण्यापेक्षा ट्रॅक्टर परवडला.

"अगं, ते वाढदिवसाचं नाही का कुणी सांगितलं होतं?" वहिनी म्हणाल्या. "रोज ज्याचा वाढदिवस असेल त्याचं नाव बघायचं, शुभेच्छा द्याव्याशा वाटल्या तर ठेवायचं, नाहीतर काढायचं. म्हणजे वर्षभरात यादी स्वच्छ."

"युक्ती चांगली आहे. पण १ जूनला काय करणार?"

वहिनी कपाळावर हात मारून हसल्या. आमच्या वरच्या पिढीतल्या निम्म्यांचा वाढदिवस १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिला तो. त्या दिवशी फेसबुक उघडलं की अख्खी भावकी एकाच दिवशी जन्मलेली दिसते. वहिनींचा स्वतःचा वाढदिवसही फेसबुकला १ जून आहे. खरा त्यांच्या आईला आठवत होता तो असा, की त्या वेळी भुईमुगाची काढणी चालू होती.

आणि मग यादीत अण्णा आले.

तिसऱ्या बंगल्यातले. जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. फोटोत टोपी, हातात पुतण्याचं पोर. माझं बोट थांबलं. वहिनी काही म्हणाल्या नाहीत, मीही नाही. नंतर त्याच म्हणाल्या, "मागच्या वाढदिवसाला लोकांनी त्यांना शतायुषी व्हा लिहिलं होतं. काकूंनी वाचलं ते. त्यांच्या सुनेनं फोन लपवला, पण वाचलं."

याला उपाय आहे. घरच्यांनी मृत्यूचा दाखला जोडून फेसबुकला कळवलं की खातं स्मरणार्थ ठेवतात. नावाजवळ तसं लिहून येतं, वाढदिवसाच्या आठवणी लोकांना जायच्या थांबतात, 'यांना ओळखता का' म्हणून ते नाव कुणापुढे येत नाही. हयात असतानाच आपल्या पश्चात खातं कुणी सांभाळायचं तेही नेमून ठेवता येतं. तो माणूस फोटो बदलू शकतो, नवीन आलेली रिक्वेस्ट घेऊ शकतो, पण गेलेल्या माणसाचे निरोप त्याला वाचता येत नाहीत आणि गेलेल्या माणसाच्या यादीतून कुणालाही काढता येत नाही.

"म्हणजे अण्णांनी ज्यांना ठेवलं ते राहिले."

"राहिले."

"सुनेला सांग हे. तू सांग, मी सांगितलं तर तिला वाटेल मी काढून टाकायला सांगतेय."

अण्णांना आम्ही हात लावला नाही. पुढे गेलो.

पुढे तर नुसती करमणूक होती. 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून फेसबुक जी नावं सुचवतं, त्यात वहिनींपुढे प्लंबर, गिरणीवाला, आणि मागच्या वर्षी गच्चीची गळती काढून गेलेला माणूस! वहिनींना वाटलं, फेसबुक आपल्या पाळतीवर आहे. तसं ते आहेही, पण इथे गोष्ट साधी होती. कधीतरी फोनमधले सगळे नंबर त्याला देण्याला वहिनींनी होकार दिला होता. सेटिंगमध्ये जाऊन ते नंबर काढून टाकता येतात आणि पुढचं नेणंही बंद करता येतं. ते केलं. मग मी 'पाठवलेल्या रिक्वेस्ट' उघडल्या. ही यादी सहसा कुणी बघत नाही. आपण कधीकाळी कुणाला रिक्वेस्ट पाठवली आणि त्यानं ती घेतलीच नाही, असे सगळे तिथे पडून असतात. वहिनींच्या यादीत दोन मालिकांमधल्या नट्या, एक कीर्तनकार, आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ.

"हे कोण?"

"कुठे? असेल कुणीतरी."

"वाईच्या शाळेचं नाव दिसतंय. तुमचीच ना शाळा?"

"असेल. रद्द कर." पदर पुन्हा खांद्यावर गेला होता. "रद्द कर म्हटलं ना. नट्या पण कर."

मी केलं. काही विचारलं नाही. भाऊ तेवढ्यात मागच्या दारात तांब्या घेऊन उभे होते, म्हणून तर नाहीच.

व्हॉट्सअ‍ॅपचा विषय वहिनींनीच काढला, बहुतेक गृहस्थांवरून लक्ष उडवायला. कॉलनीच्या ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडता येतं का? येतं. २०२२ पासून ग्रुप सोडला तर फक्त ॲडमिनला कळतं, सगळ्यांपुढे पाटी लागत नाही. पण ग्रुपच्या माहितीत खाली गेलं की गेल्या ६० दिवसांत कोण कोण सोडून गेलं त्यांची नावं असतात. म्हणजे गुपचूप जायचं, पण दोन महिने भिंतीवर नाव लिहिलेलं राहणार! आणि आमच्या कॉलनीच्या ॲडमिन म्हणजे मावशीच. तेव्हा तो विषय तिथेच मिटला.

"आता खरं सांगू?" वहिनी खिंडाराच्या अगदी जवळ आल्या. "मला काढायचं होतं ते एकच नाव. आमच्या वन्सं."

मला अंदाज होताच. रिस्ट्रिक्टेडचं नाव काढल्यावर वहिनी मघाशी गप्प झाल्या होत्या ना!

वन्सं पुण्याला. रोज सकाळी सहाला सुविचार. मग स्वतःचा योगासनातला फोटो. मग सुनेनं केलेला नाश्ता, त्याखाली 'आमच्याकडे सुना लेकींसारख्या' अशी ओळ. ती ओळ कुणाला उद्देशून आहे ते वहिनींना कळतं, मला कळतं, कॉलनीला कळतं.

"वहिनी, काढू नका. काढलंत तर दिवाळीत त्या तुमच्या पानावर येऊन बघतील. मावशींचं झालं तेच होईल."

"मग?"

"अनफॉलो. यादीत राहतील, पण सुविचार नाही, आसन नाही, सुना नाहीत."

"आणि राखीपौर्णिमेला फोटो टाकतील तो?"

"तो जाऊन लाइक करा."

वहिनींनी जराही विचार केला नाही. "कर." मी वन्संच्या पानावरचं बटण दाबलं. वरती त्यांचा मुद्रेतला फोटो, डोळे मिटलेले. अनफॉलो झालं. डोळे मिटलेलेच राहिले.

यादी संपत आली होती. शेवटी एक बाई. हातात हिरवी इरकल, मागे कपाटात घड्यांवर घड्या. मी नाव वाचलं. येवल्याकडची कुणी साडीवाली, वहिनींशी ना नातं ना ओळख.

"ही पण अनोळखीच. काढते हं."

"अजिबात नाही!" वहिनींचा हात कुंपणातून माझ्या मनगटावर. "तिला हात लावायचा नाही. रोज रात्री साडेनऊला ती लाइव्ह येते. काय गोड बोलते! 'ताई, पदर बघा, आवडला तर फोटो काढून ठेवा.' मी घेत नाही काही. नुसती बघते. ती मला ओळखत नसेल, मी ओळखते की तिला. तिच्या मुलीला बारावीला किती पडले तेसुद्धा मला माहीत आहे."

"पण तुमचे नातवंडांचे फोटो तिला दिसतात वहिनी. आणि तिचे अडीच हजार मित्र कोण कोण, देव जाणे. असं करू, तिची मैत्री काढू आणि फॉलो करू. तिचं खातं खुलं आहे, बटण आहे इथे. तुमचं तिला दिसणार नाही, तिच्या साड्या तुम्हाला दिसतील."

वहिनींनी डोक्यात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या.

"म्हणजे वन्सं मैत्रीत आहेत, पण बघायच्या नाहीत. आणि साडीवाली मैत्रीत नाही, पण रोज बघायची."

"हो."

"मग हे आधी का नाही सांगितलंस? त्या कीर्तनकारांचं पण असंच करून दे."